छाट

पाचव्या दिवशी पाणी, तेही रात्री दीडनंतर.
साखर पेठेतल्या आमच्या बोळात
तोवर कुणी नीट झोपत नाही.
बादल्या, कळशी, निळं पिंप,
सगळे ओळीनं आ वासून बसलेले,
आणि पायरीवर मी, फोन घेऊन,
म्हातारपण केवढ्याला पडेल ते बघत.

दिवसा मी एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते,
डझनांचे, किलोंचे, बाहेरगावच्या थकलेल्या उधारीचे.
स्वतःचा हिशेब करायला मात्र
हे कॅल्क्युलेटर लागतं,
ज्यात आकडा लिहायचाही नाही,
एक ठिपका बोटानं सरकवायचा
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
नायनांच्या मागावरचा धोटा असाच धावायचा,
फक्त त्याला आवाज होता.

महिना तीन हजार. बारा टक्के. एकोणीस वर्षं.
बोट उचललं आणि गोल भरला:
सव्वीस लाख सव्वीस हजार.
त्यात माझे सहा लाख चौऱ्याऐंशी,
बाकीचे आपोआप आलेले.
आमच्या घरात आपोआप
आजवर फक्त सुताची धूळ आली.

पुढचा प्रश्न: किती वर्षं जगाल?
ठिपका साठपासून शंभरपर्यंत जातो.
मी तो डावीकडे ओढला, परत ओढला,
साठच्या खाली येईना.
नायना बावन्नाव्या वर्षी गेले,
शेवटचे आठ महिने खोकण्यात.
ते या यंत्रात मावत नाहीत.

भिशीला रकाना नाही.
अम्माच्या गुडघ्यांना नाही.
धाकट्या गोवर्धननं "दिवाळीला देतो" म्हणून नेलेल्या
चाळीस हजारांना तर नाहीच,
आणि कुठली दिवाळी, ते त्यालाही विचारलेलं नाही.

अम्मा आतून येऊन शेजारी टेकते.
सत्तरी उलटली तरी तिची बोटं
हातात पान नसताना पान वळतात.
ती तेलुगूत विचारते, मी मराठीत सांगते,
फोन इंग्रजीत गप्प.
सव्वीस लाख ऐकून ती हललीसुद्धा नाही.
चाळीस वर्षं विड्या वळून हजारावर मजुरी घेतलेली बाई.
हजार वळून न्यायच्या,
चेकरनं त्यातल्या मूठ मूठ बाजूला सारायच्या,
हिचं तोंड सैल, हिचं पान फाटकं, हिच्यात तंबाखू कमी,
आणि सारलेल्यांचे पैसे नाहीत.

"यात छाट किती धरलीय?" ती विचारते.

छाट?
मी खाली खाली गेले. अगदी तळाशी
बारीक अक्षरांपुढे एक रिकामी चौकट होती:
महागाई धरून दाखवा.
टिचकी मारली.
आठ लाख अडुसष्ट हजार.

अम्मा एवढी हसली
की समोर बोल्लींच्या खिडकीत दिवा लागला.
"सव्वीसातले साडेसतरा! अगं, आमचा चेकर देवमाणूस होता."

तेवढ्यात नळ खोकला.
आधी नुसती हवा, मग गढूळ, मग धार.
पुढचा पाऊण तास कुणाच्याच भविष्याचा नव्हता.

परत आले तर पान नव्यानं उघडलेलं.
वय तीस. महिना पंचवीस हजार. जगाल पंच्याऐंशी.
कुणाची ही पोर, कुठल्या गावची,
हिच्याकडे पाणी बहुतेक रोज येतं.
तिला पुसून मी मला लिहिलं.
एक्केचाळीस. तीन हजार.
नाही, अडीच. मोटर जळायला आलीय.

"आणि जगायचं किती?" मी विचारलं,
ओल्या पायरीवरून, पाय उचलून घेत.
अम्मानं पिंपावर झाकण सरकवलं,
वर फुटकी फरशी ठेवली, उंदरांसाठी.
"नव्वद टाक," म्हणाली.
"पाणी भरायला कुणीतरी लागेल की."